उत्तर लिहिलं गेलं, प्रश्न हरवला : ‘स्टेट विरुद्ध मायकल्स’ या खटल्याचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून १९९४ रोजी दिलेल्या एका निकालाला परिशिष्ट जोडलेलं आहे. बालवाडीतल्या मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या एका शिक्षिकेचा हा खटला. निकाल कायद्याच्या भाषेत आहे, परिशिष्टात मात्र नुसते संवाद आहेत. एकीकडे सरकारी चौकशी अधिकारी, दुसरीकडे बालवाडीच्या वयाची मुलं. मूल ‘नाही’ म्हणतं, मोठा माणूस तेच पुन्हा विचारतो. मूल विषय बदलतं, मोठा माणूस त्याला परत तिथेच आणतो. एक मूल उठून जायला बघतं, तर त्याला सुनावलं जातं की बाळासारखं करू नकोस, बस खाली, अजून आपलं संपलेलं नाही. पुढचा प्रश्न असा, की त्या शिक्षिकेने मुलांना कशाने दुखवलं असेल, जेवणाच्या काट्याने का? काटा हा शब्द त्या क्षणापर्यंत मुलाने उच्चारलेला नाही.

बालसाक्षीदारांशी ज्यांचा संबंध येतो, त्या पोलिसांनी, वकिलांनी, समुपदेशकांनी आणि शिक्षकांनीही निकालाच्या आधी हे परिशिष्ट वाचावं असं मला वाटतं. त्यात कोणी खलनायक नाही. प्रश्न विचारणारे सगळेच मुलांच्या बाजूने उभे होते, आणि नेमकं तिथेच पाणी मुरलं.

काय घडलं

मेपलवुड या गावी एका चर्चच्या इमारतीत ‘वी केअर’ नावाची बालवाडी चालत असे. मुलं साधारण साठ, वय तीन ते पाच. सप्टेंबर १९८४ मध्ये तिथे केली मायकल्स ही तरुणी मदतनीस म्हणून लागली आणि महिनाभरात शिक्षिका झाली. ती पिट्सबर्गची, नाटकात काम मिळवण्यासाठी या भागात आलेली. शिकवण्याचा अनुभव शून्य. दुपारच्या झोपेच्या वेळी बाराएक मुलांवर लक्ष ठेवणं हे तिचं एक काम होतं. शेजारच्या वर्गाला आणि तिच्या खोलीला वेगळं करणारा फक्त एक प्लास्टिकचा पडदा होता. सात महिन्यांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. २६ एप्रिल १९८५ रोजी तिने ती नोकरी सोडली.

त्याच सुमाराला तिच्या वर्गातल्या चार वर्षांच्या एका मुलाच्या अंगावर पुरळ उठलं म्हणून आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथल्या सहायिकेने गुदमार्गे ताप मोजला. तेव्हा तो मुलगा म्हणाला, शाळेत झोपेच्या वेळी माझी टीचर असंच करते. हे वाक्य कोणी त्याच्या तोंडी घातलेलं नव्हतं. अशा प्रकरणात मुलाच्या तोंडून आपणहून निघालेल्या पहिल्या वाक्याला फार मोल असतं. त्याची दखल घेणं भागच होतं आणि ती घेतलीही गेली. घरी आल्यावर आईने आणखी विचारलं, मुलाने आणखी सांगितलं, दुसऱ्या एका मुलाचं नाव घेतलं. आईने बालसंरक्षण खात्याला कळवलं, तिथून प्रकरण एसेक्स काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात गेलं.

इथपर्यंत कोणाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. पुढच्या काही आठवड्यांत मात्र गाडी रुळावरून घसरली. मे महिन्यात बालवाडीने सगळ्या पालकांना पत्र पाठवलं आणि मग त्यांची सभा भरवली. तिथे एका तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की दर तीन मुलांमागे एका मुलाला अठराव्या वर्षापर्यंत असा अनुभव येतो, तेव्हा आपापल्या मुलांना डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्या रात्री किती घरांत मुलांना जवळ घेऊन विचारलं गेलं असेल, याचा अंदाज कोणत्याही आईबापाला येईल. त्या घरगुती प्रश्नांची नोंद अर्थातच कुठेच नाही. त्यानंतर सरकारी अन्वेषकांनी मुलांच्या मुलाखतींचा सपाटा लावला. सुरुवातीच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या नाहीत, आणि काहींची मूळ टिपणं नंतर नष्ट करण्यात आली.

प्रश्न कसे विचारले गेले

ज्या मुलाखतींच्या टेप उपलब्ध होत्या, त्यांची लेखी प्रत न्यायालयासमोर आली. न्यायालयाने ती बारकाईने वाचली. चौकशी केलेल्या ३४ मुलांपैकी १५ जणांना कधी ना कधी सांगितलं गेलं होतं की केलीने मुलांशी वाईट गोष्टी केल्या म्हणून ती तुरुंगात आहे. तिला तिथेच ठेवायचं तर तुमची मदत हवी, तुम्ही आमचे छोटे डिटेक्टिव्ह, असंही सांगितलं गेलं. तिला अटक करणाऱ्या पोलिसाशी मुलांची ओळख करून दिली, अटकेत वापरलेल्या बेड्या दाखवल्या. जी मुलं ‘सहकार्य’ करायची त्यांना पोलिसांचा खोटा बिल्ला मिळायचा.

शिवाय तुझ्या मित्रमैत्रिणींनी सगळं सांगितलंय, ते किती शूर आहेत, मग तू का मागे, अशीही गळ घातली जायची. चार वर्षांच्या मुलाला वर्गात एकटं पडायचं नसतं. आणि ‘काही झालं नाही’ हे उत्तर दिलं की समोरचा मोठा माणूस खट्टू होतो, मागच्या वेळी तर आपली दोस्ती होती म्हणतो, हेही त्याला कळतं. न्यायालयाने नोंदवलं की आरोपाला पूरक काही बोललं की शाबासकी मिळत होती आणि इन्कार केला की नापसंती. सौम्य धमक्या, मनधरणी, आमिष हे सगळे शब्द निकालात आहेत.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. या मुलांना कोणी ‘असं सांग’ म्हणून पढवलं नव्हतं, आणि मुलं ठरवून खोटं बोलत होती असंही न्यायालय म्हणत नाही. प्रश्नातूनच माहिती मुलाकडे गेली, मुलाने ती परत केली, आणि ती मुलाची आठवण म्हणून नोंदली गेली. पुढच्या मुलाखतीत त्याच ‘आठवणी’वर पुढचा प्रश्न उभा राहिला. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर मूळ काय होतं हे मुलालाही सांगता येत नाही.

हे नुसतं तर्काने म्हणायचं कारण नाही. या खटल्यात मॅगी ब्रुक आणि स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञांनी अनेक सहकाऱ्यांच्या वतीने न्यायालयाला एक निवेदन दिलं होतं. सेसी यांचा एक प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वर्गात एक अनोळखी माणूस येऊन दोन मिनिटं थांबतो, नमस्कार-चमत्कार करतो आणि जातो. काही मुलांना तो फार वेंधळा असल्याच्या गोष्टी आधीपासून सांगितलेल्या असतात. नंतर त्यांना फाटलेलं पुस्तक आणि मळलेलं टेडी अस्वल दाखवून सूचक प्रश्न विचारले जातात, तेही पुन्हा पुन्हा. ज्या मुलांना आधी काही सांगितलं नव्हतं आणि नंतर काही सुचवलं नव्हतं, ती जवळजवळ सगळी बरोबर सांगतात. ज्यांच्यावर दोन्ही प्रयोग झाले, त्यांतली बरीचशी, आणि तीन-चार वर्षांची तर विशेष करून, त्याने ते पुस्तक कसं फाडलं याचं तपशीलवार वर्णन करतात. या मुलांच्या चित्रफिती जाणकारांना दाखवल्या, तेव्हा कोणाचं खरं आणि कोणाचं घडवलेलं हे त्यांनाही धडपणे ओळखता आलं नाही. ‘लहान मूल खोटं बोलत नाही’ आणि ‘लहान मुलाचं काय ऐकायचं’ ही दोन्ही वाक्यं आपल्याकडे सारख्याच आत्मविश्वासाने फेकली जातात. या प्रयोगापुढे दोन्ही टिकत नाहीत.

खटला आणि अपील

खटला जून १९८७ ते एप्रिल १९८८ असा दहा महिने चालला. प्रत्यक्ष पाहिलेला प्रौढ साक्षीदार नाही, वैद्यकीय पुरावा म्हणावा असा नाही. सगळी मदार मुलांच्या साक्षीवर आणि त्या साक्षीचा अर्थ लावणाऱ्या तज्ज्ञावर. ज्युरीने ११५ आरोपांत दोषी ठरवलं, शिक्षा झाली ४७ वर्षांची.

मार्च १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. तोवर तिने पाच वर्षं तुरुंगात काढली होती. अपिलातले दोन मुद्दे इथे महत्त्वाचे. सरकार पक्षाच्या तज्ज्ञाने मुलांच्या वागणुकीचा अर्थ असा लावला होता की मूल सांगतं तेव्हा अत्याचार झालेला असतो, आणि नाकारतं तेव्हाही झालेला असतो, कारण नाकारणं हा दडपून ठेवण्याचा टप्पा! म्हणजे चित भी मेरी, पट भी मेरी. अशा मताला पुरावा कसं म्हणायचं, असा न्यायालयाचा आक्षेप होता. दुसरा मुद्दा खुद्द न्यायाधीशांचा. मुलांची साक्ष न्यायाधीशांच्या दालनातून क्लोज्ड सर्किट टीव्हीवरून घेतली गेली. तिथे न्यायाधीश मुलांशी खेळले, त्यांना मांडीवर घेतलं, त्यांच्या कानात कुजबुजले, त्यांचं कौतुक केलं, आणि ज्युरीने हे सगळं पडद्यावर पाहिलं. माणूस म्हणून ते वागणं किती समजण्यासारखं आहे! पण न्यायाधीशाच्या मांडीवरचं मूल ज्युरीला आपोआप खरं वाटणारच.

न्यायालयाने घालून दिलेला नियम

सरकार पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती हँडलर यांनी लिहिलेल्या निकालात, मायकल्सने गुन्हा केला की नाही हा प्रश्न सोडवलेला नाही. ज्या पद्धतीने मुलांना विचारलं गेलं, त्या पद्धतीनंतर त्यांच्या साक्षीवर विसंबता येतं का, एवढाच प्रश्न घेतला आहे. न्यायालयाचं म्हणणं असं की साक्षीदाराच्या आठवणीत तपासामुळेच भेसळ होऊ शकते, ही गोष्ट कायद्याला नवी नाही. ओळख परेडीत पोलिसांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं तर ती ओळख तपासून घेतली जाते. संमोहनाखाली आठवलेल्या गोष्टींसाठी याच न्यायालयाने १९८१ मध्ये कडक अटी घातल्या होत्या. मग मुलाच्या मुलाखतीलाच वेगळा न्याय का?

त्यातून निघालेली व्यवस्था अशी. बचाव पक्षाने आधी मुलाखती सूचक किंवा दबावाच्या होत्या असं दाखवणारा काहीएक पुरावा द्यायचा. तो दिला की खटल्याआधी स्वतंत्र सुनावणी होते आणि ओझं सरकारवर येतं. मुलाचं सांगणं पुरेसं विश्वासार्ह उरलेलं आहे हे सरकारने स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवायचं. मूल साक्ष द्यायला सक्षम आहे का हा या सुनावणीचा विषय नाही. तपास मुलाखतींचाच होतो. त्यासाठी न्यायालयाने पाहण्याच्या गोष्टीही सांगितल्या आहेत. विचारणारा आधीच मत बनवून आला होता का? एकच प्रश्न किती वेळा विचारला? आरोपीला मुलासमोर वाईट ठरवलं का? आईवडील आणि सोबतची मुलं यांच्याकडून आलेली माहिती वेगळी काढण्याचा प्रयत्न झाला का? आवाजाचा सूर, बक्षिसं, धमक्या? पहिली मुलाखत व्हिडिओवर घ्यावी यावर जवळपास सगळ्या तज्ज्ञांचं एकमत असल्याचंही निकालात नोंदवलं आहे.

डिसेंबर १९९४ मध्ये सरकार पक्षाने फेरखटला न चालवण्याचा निर्णय घेतला. मायकल्सने पुढे लावलेला नुकसानभरपाईचा दावा टिकला नाही. सरकारी वकिलांना आणि साक्षीदारांना अमेरिकेत कायद्याचं जे कवच असतं, ते आड आलं.

या नियमावर टीका झाली आणि ती अगदीच पोकळ नाही. अशी सुनावणी म्हणजे मुलाला आणखी एका उलटतपासणीच्या दारात उभं करणं, अशी धास्ती अनेकांना वाटली. बहुतेक राज्यांनी हा नियम जसाच्या तसा उचलला नाही. पेनसिल्व्हेनियाने २००३ मध्ये साक्षीदाराच्या सक्षमतेच्या तपासणीत त्याला जागा दिली. मला स्वतःला सुनावणीपेक्षा तिच्या धाकाचा उपयोग मोठा वाटतो. आपण विचारलेला प्रत्येक प्रश्न उद्या न्यायाधीशासमोर वाचला जाणार आहे हे माहीत असलेला अधिकारी तोंड सांभाळून विचारतो. ‘तिने तुला कुठे हात लावला?’ याऐवजी ‘काय झालं ते सांग’, ‘मग?’, ‘त्याबद्दल आणखी सांग’ अशा मोकळ्या प्रश्नांवर उभी असलेली मुलाखत-पद्धत नव्वदच्या दशकात मायकेल लँब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. ती इस्रायलने फार लवकर उचलली. तिथे १९५५ पासूनच वेगळी सोय आहे. चौदा वर्षांखालील मुलाला खास नेमलेला बाल-अन्वेषकच प्रश्न विचारतो आणि गरज पडल्यास मुलाऐवजी तोच न्यायालयात साक्ष देतो. मात्र मग त्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा लागतो.

आपल्या जबाबात प्रश्न कुठे असतो?

भारतात २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा आला, तोवर बालस्नेही म्हणजे काय याबद्दल जगभर बरंच मंथन झालं होतं, आणि ते कायद्यात उतरलेलं दिसतं. कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवायचं नाही, आरोपीशी गाठ पडू द्यायची नाही. कलम २६ प्रमाणे मूल बोलेल तसंच लिहायचं, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाची व्यक्ती सोबत हवी, गरज असेल तिथे दुभाषा किंवा विशेष शिक्षक, आणि शक्य असेल तिथे दृक्‌श्राव्य नोंद. न्यायालयात तर कलम ३३ ने वकिलाला मुलाशी थेट बोलायलाच मनाई केली आहे, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातो.

म्हणजे जबाब कोणी, कुठे, कोणत्या कपड्यांत, कोणासमोर घ्यायचा हे सगळं आहे. काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, याबद्दल तपासाच्या टप्प्यासाठी ही कलमं गप्प आहेत. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या २०२४ च्या बदलापूर प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन जबाब नोंदवण्यातल्या दिरंगाईवरून पोलिसांचे कान उपटले, ते योग्यच होतं. पण अशा वेळी चर्चा जबाब कधी आणि कुठे घेतला यावर थांबते. तो कोणत्या प्रश्नांतून निघाला, हे कोणी विचारत नाही.

विचारलं तरी सांगता येणार नाही, कारण आपल्या जबाबाचा साचाच प्रश्न गाळून टाकणारा आहे. ‘मी वर नमूद पत्त्यावर आईवडिलांसह राहण्यास असून’ अशी सुरुवात, ‘सदर इसमाने’ करत मधला मजकूर, आणि शेवटी ‘माझा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’. पहिलीतलं मूल असं बोलत नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. अधिकाऱ्याने दहा प्रश्न विचारलेले असतात, मुलाने काहींना मान डोलावलेली असते, आणि कागदावर मात्र मूल सलग, आपणहून बोलल्यासारखं दिसतं. मायकल्स प्रकरणात निदान नंतरच्या टेप तरी होत्या, म्हणून प्रश्न पकडले गेले. इथे बचावाचा वकील उलटतपासणीत नेमक्या याच साच्यावर घाव घालतो. ‘सदर इसम म्हणजे काय?’ असं त्याने न्यायाधीशांमार्फत विचारलं की मूल गप्प. खरा अत्याचार झालेलं मूलही तिथे हरतं. कलम २९ मुळे काही गुन्ह्यांत आरोपीच दोषी असल्याचं गृहीत धरलं जातं, त्यामुळे खोट्यात अडकलेल्या माणसाच्या दृष्टीनेही त्या पहिल्या जबाबाचं वजन भयंकर आहे.

आपली न्यायालयं बालसाक्षीदाराकडे सावधपणे पाहतात. ‘दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूल सक्षम आणि विश्वासार्ह असेल तर त्याच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, मात्र त्याला पढवलेलं असण्याची शक्यता नसावी. ही कसोटी पढवण्याची आहे. ‘वी केअर’च्या मुलांना कोणी पढवलं नव्हतं. ‘तुला कोणी सांगायला शिकवलं का?’ या प्रश्नाला त्यातल्या प्रत्येकाने प्रामाणिकपणे ‘नाही’ असंच उत्तर दिलं असतं.

पालक सोबत असण्याचा मुद्दाही वाटतो तितका सरळ नाही. अनोळखी माणसापुढे आईचा हात धरलेलं मूल मोकळं होतं, हे खरं. पण आईला काय ऐकायचंय हेही मुलाला कळतं, आणि अत्याचार करणारा घरातलाच असेल तर आईसमोर मूल तोंड उघडणारच नाही. नव्या मुलाखत-पद्धतींत पालक सहसा शेजारच्या खोलीत थांबतात. आपल्या कायद्यात ‘किंवा विश्वासाची व्यक्ती’ हे शब्द आहेत. तपासी अंमलदाराने ते वापरायला हवेत. पॉक्सोच्या नियमांत असलेली, तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारी सहायक व्यक्ती बालकल्याण समितीकडून वेळेवर नेमून घेतली, तर हा पेच बराचसा सुटतो.

कायदा बदलण्याची वाट न पाहता करता येण्यासारखंही बरंच आहे. कलम २६ मधलं ‘शक्य असेल तिथे’ हे आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना सबब म्हणून चालू नये. लेखी जबाब प्रश्न-उत्तर रूपात घ्यायला कोणाची आडकाठी नाही. आणि पोलिस येण्याच्या आधी मूल ज्या माणसाशी पहिल्यांदा बोलतं, मग ती आजी असो, बाई असोत की डॉक्टर, त्याने खोदून विचारू नये. शांतपणे ऐकावं, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावं, आणि मुलाचे शब्द व त्याच्या आधीचं आपलं वाक्य, दोन्ही वेळेसह लिहून ठेवावीत. मूल ‘शूच्या जागी’ म्हणालं असेल तर कागदावर ‘शूच्या जागी’ असंच हवं, ‘गुप्तांगास’ नको. आणि त्याआधी आपण ‘काकांनी काही केलं का?’ असं विचारलं असेल, तर तेही.